आपल्या हुन्नराचे आपले पत्रक

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे पूर्णा तालुक्यातील एक छोटे स्टेशन. एका बाजूला पूर्णा जंक्शन, दुसऱ्या बाजूला नांदेडची मोठी बाजारपेठ. अशा गावात दुकान थाटणाऱ्याची अडचण वेगळीच असते. गिऱ्हाईक ओळखीचे असते, सलाम-नमस्कार रोज होतो. पण लग्नाची खरेदी निघाली की तेच गिऱ्हाईक गाडीत बसून नांदेड गाठते. आता तर मोबाइलवर मागवलेला माल घरपोच येतो. भाव पाडून ही स्पर्धा जिंकता येणार नाही. मोठा व्यापारी एकगठ्ठा माल उचलतो, आपल्याला ते परवडत नाही.

मग आपल्याजवळ आहे काय? आपल्याजवळ आहे हुन्नर आणि त्याची माहिती. कोणते सुती कापड शिवण्यापूर्वी पाण्यातून काढावे, हे शिंप्याला ठाऊक असते. कलई उडालेल्या पितळी भांड्यात ताक-चिंच का ठेवू नये, हे कलईगर जाणतो. गादीतला कापूस पुन्हा केव्हा पिंजावा, हे पिंजाऱ्याला हाताने कळते. ही सारी माहिती डोक्यात राहते आणि माणसाबरोबरच जाते. आमची सूचना एवढीच, की ती दर पंधरा दिवसांनी एका पानावर लिहावी आणि आपल्या नावाने गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी.

हे नवे नाही

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातील कुंडल रोड या लहानशा स्टेशनजवळच्या माळावर कारखाना वसवला. तेथे लोखंडी नांगर बनू लागले. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे हे पत्र वाढत वाढत घराघरांत वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याच्या जोडीला 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ निघाले. दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी 1906 साली सुरू केलेल्या हमदर्द दवाखान्यानेही ‘हमदर्द-ए-सेहत’ हे उर्दू मासिक चालवले. दवाखान्याने औषध विकता विकता आरोग्याची माहितीही दिली. दोघांचे भांडवल पुढे मोठे झाले हे खरे, पण गिऱ्हाइकाला आधी उपयोगाची गोष्ट सांगावी ही रीत छोट्या दुकानालाही जमण्याजोगी आहे.

लिहावे काय?

जाहिरात लिहू नये. “आमच्याकडे मोटार खात्रीने भरून मिळेल” हे वाक्य प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असते, ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा: “तीन फेजपैकी एक गेला तर बंद मोटार सुरू होत नाही, नुसती गुणगुणते. चालू मोटार फिरत राहते, पण तापते आणि जळते. आवाज बदलला की लगेच बटण बंद करा आणि तिन्ही फेज आहेत का ते पाहा.” हे वाचून एखाद्या शेतकऱ्याची मोटार वाचली, तर आपले एक काम बुडाले असे वाटेल. पण तो शेतकरी पुढची मोटार आपल्याला विचारल्याशिवाय घेणार नाही.

विषय एकच धरावा आणि तो आपल्या धंद्यातला असावा. गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न तीत टिपावा. दोन गिऱ्हाइकांनी एकच प्रश्न विचारला की तो पुढच्या पत्रकाचा विषय समजावा. पेरणी, लग्नसराई, रमजान, दिवाळी यांच्या आधी गिऱ्हाईक काय विचारते हे आपल्याला पाठ असते. ते महिनाभर आधी लिहून ठेवावे.

लिहावे कसे?

गल्ल्यावर बोलतो तसे. आपल्या पुष्कळ घरांत दखनी बोलली जाते, बाजारात मराठी. लिहायचे म्हटले की हात आखडतो. त्यासाठी थांबू नये. आपण सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने लिहून घ्यावे. मग ते मोठ्याने वाचून घ्यावे. जेथे वाचणारा अडखळेल तेथे वाक्य तोडावे. शुद्धलेखन एखाद्या मास्तरांकडून तपासून घ्यावे, पण आपली बोली त्यांना बदलू देऊ नये. दीडशे-दोनशे शब्द पुरे. दुसऱ्याचा मजकूर उतरवू नये. तो सर्वांकडे आधीच आलेला असतो.

दिवस ठरलेला असावा. परभणीचे कृषी विद्यापीठ हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी देते. शेतकऱ्याला दिवस माहीत असला की तो वाट पाहतो. आपणही बाजाराचा किंवा जुम्याचा दिवस धरावा आणि तो चुकवू नये. याकरिता दोन-तीन पाने नेहमी लिहून शिल्लक ठेवावीत. आजारपण, सणवार, गर्दी ही येणारच.

वाचक कसे वाढतात?

पत्रके रस्त्यावर वाटू नयेत. ती रस्त्यावरच पडतात. झेरॉक्सच्या पन्नास प्रती काढाव्यात आणि मालाबरोबर हातात द्याव्यात. दोन प्रती चहाच्या हॉटेलात व केशकर्तनालयात ठेवाव्यात, कारण तेथे माणूस बसतो आणि वाचतो. कोणी प्रश्न आणून दिला तर पुढच्या पानावर त्याचे उत्तर द्यावे. त्याची परवानगी असेल तर नावही घालावे. तो माणूस चार जणांना ते पान दाखवतो. शिंप्याने कापडवाल्याचे आणि कापडवाल्याने शिंप्याचे पत्रक आपल्या दुकानी ठेवावे.

मोबाइलवर पाठवायचे असेल तर ग्रुप काढून सर्वांना त्रास देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरावी. तिच्यावरचा निरोप ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच मिळतो. म्हणजे आपले लिखाण कोणापर्यंत खरोखर पोहोचते हेही कळते.

मात्र आकडा मोजत बसू नये. पहिली दहा पाने कोणी दखल घेणार नाही. अकराव्या वेळी कोणी “या वेळचे पान कुठे?” असे विचारले, तर काम रुजले असे समजावे. पाचशे उदासीन वाचकांपेक्षा असे वीस विचारणारे बरे.

काही पथ्ये

प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊ नये. उधारी थकवणाऱ्याची बदनामी करू नये. माहिती चुकीची ठरली तर पुढच्या पानावर ठळकपणे दुरुस्त करावी. याने पत वाढते. गावचे राजकारण आणि बातम्या बाहेर ठेवाव्यात. 2023 चा प्रेस व नियतकालिके नोंदणी कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला आहे. ठरावीक मुदतीने बातम्या किंवा त्यांवरील मते छापणाऱ्या प्रकाशनाला त्यानुसार नोंदणी लागते. आपण आपल्या हुन्नरापुरते लिहावे.

शेवटी आनंदाची गोष्ट. जे रोज हाताने करतो ते शब्दांत मांडताना आपल्यालाच त्याची नवी बाजू दिसते. “आपण असे का करतो?” हा प्रश्न कारागिराला पहिल्यांदा लिहितानाच पडतो. कंटाळा आला तर पान छोटे करावे, पण दिवस मोडू नये. प्रत्येक पानाची एक प्रत फाइलला लावावी. पंधरवड्याला एक, म्हणजे वर्षाला चोवीस पाने. पाच वर्षांत एकशे वीस. जो हुन्नर वडिलांनी आपल्याला तोंडी दिला, तो आपल्या मुलाला लेखी मिळेल. तो याच धंद्यात राहिला तर त्याला आधार होईल, आणि दुसरीकडे गेला तरी बापाला काय येत होते हे त्याला कळेल. या कामाला भांडवल म्हणून एक वही आणि एक पेन लागते. पुढच्या जुम्यापासून प्रारंभ करण्यास हरकत नाही.