गोदामातली खोकी आणि विद्यापीठातले पाहुणे

डेट्रॉइट पोलिसांचं मुद्देमाल ठेवायचं एक गोदाम होतं. ऑगस्ट २००९मध्ये सरकारी वकिलांच्या कार्यालयातला एक जण तिथे गेला, तर मांडण्यांवर बलात्काराच्या वैद्यकीय तपासणीच्या किटची रास. मोजदाद झाली, तेव्हा आकडा अकरा हजारांच्या वर गेला. त्यांतली बहुसंख्य किट प्रयोगशाळेत कधी पोहोचलीच नव्हती.

किट म्हणजे पुठ्ठ्याचं साधं खोकं. आत स्वॅब, काचपट्ट्या, केसांची पाकिटं. पण ते भरून होईपर्यंत पीडितेला तासन् तास तपासणीच्या टेबलावर काढावे लागतात.

तपासणीला पैसा हवा होता. अमेरिकी न्याय खात्याच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस’ने २०११मध्ये डेट्रॉइट आणि ह्यूस्टनला अनुदान दिलं, ते मात्र संशोधनासाठी. पोलीस, वकील, प्रयोगशाळा, परिचारिका, पीडितांच्या बाजूने काम करणारे कार्यकर्ते आणि विद्यापीठातले संशोधक अशी सगळी मंडळी एका टेबलाशी बसली. एरवी यांतले निम्मे एकमेकांचे फोनही उचलत नसावेत!

डेट्रॉइटमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ रेबेका कॅम्पबेल यांच्या गटाने १,५९५ किट नमुना म्हणून निवडली. ७८५ किटमधून ‘कोडिस’ या राष्ट्रीय डीएनए साठ्यात घालण्याजोगा नमुना मिळाला, ४५५ ठिकाणी जुळणी झाली, आणि १२७ जुळण्यांमधून एकाच माणसाने अनेक अत्याचार केल्याचा माग लागला. ‘आरोपी ओळखीचाच आहे, मग डीएनए कशाला?’ हा जुना युक्तिवादही इथे कोसळला. ओळखीच्या आरोपींच्या किटमधूनही भरपूर जुळण्या निघाल्या. एकीच्या ओळखीचा माणूस दुसरीसाठी अनोळखी हल्लेखोर असू शकतो.

याहून मोलाचं काम कागदपत्रांत झालं. किट पाठवलीच का नाहीत, हे शोधायला संशोधकांनी पोलिसांच्या जुन्या फायली वाचल्या. मनुष्यबळ आणि पैसा कमी होता, हे खरंच. पण फिर्यादी बाईच खोटं बोलते आहे, अशा अर्थाचे शेरेही पानोपानी सापडले. हे कुठलंही यंत्र सांगू शकलं नसतं. इतक्या वर्षांनी पीडितेच्या दारात जाऊन ‘तुमची केस पुन्हा उघडतोय’ हे सांगायचं कसं, याचीही पद्धत याच प्रकल्पात बसवली गेली.

२०१४मध्ये डेट्रॉइट ज्या राज्यात आहे, त्या मिशिगनने कायदा केला. हाती आलेलं किट पोलिसांनी १४ दिवसांत प्रयोगशाळेकडे पाठवायचं, आणि प्रयोगशाळेने ९० दिवसांत तपासायचं. पुरेसं मनुष्यबळ आणि साधनं असतील तर, ही मेख कायद्यातच मारून ठेवली आहे.