सीपीके वाढला, पण अंगात ताकद आहे

रक्ताच्या रिपोर्टात ‘सीपीके’ वाढलेला दिसला की घरच्यांना स्नायूंच्या दुर्धर आजाराचीच शंका येते. मग माणूस जिना चढत असो की उकिडवा बसून सहज उठत असो. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज, स्नायूपेशींतले विकर. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते, पण त्या इजेला आजारच लागतो असे नाही. सवय नसताना मारलेल्या जोरबैठका किंवा पोलीस भरतीची धावण्याची तयारी एवढ्यानेही आकडा कित्येक पटींनी चढतो आणि उतरायला आठवडाही लागतो. कमरेत घेतलेले इंजेक्शनही तो वाढवते. पिळदार शरीराच्या पुरुषात तो मुळातच जास्त असतो. म्हणून युरोपीय न्यूरोलॉजी संघटनांच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की काही दिवस मेहनत थांबवून तपासणी पुन्हा करा आणि कमाल मर्यादेच्या दीडपटीपुढे आकडा राहिला तरच पुढे जा. याच गोंधळातून यकृताचेही उपचार सुरू होतात, कारण यकृताची समजली जाणारी एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे स्नायूंतूनही येतात. सोबत सीपीके पाहिला असता तर उलगडा तिथेच झाला असता.

ताकद शाबूत आहे तर तपासायचे कशाला, हा आक्षेप मात्र मान्य होण्यासारखा नाही. मंदावलेले थायरॉइड एका टीएसएच चाचणीत सापडते आणि गोळीने सुधारते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचा संबंध डॉक्टरच तपासतील, त्या परस्पर बंद करू नयेत. काही आनुवंशिक आजारांत दुर्बलता दिसण्याच्या कितीतरी आधी सीपीके चढतो. अग्रवाल समाजात आढळणारा कॅलपेन जनुकाचा दोष त्यांपैकीच. कुटुंबात कोणाला असा आजार असेल तर ते आधीच सांगावे. मग थेट स्नायूची बायोप्सीच का नाही? कारण लक्षण नसलेल्या अनेकांत तिच्यातून निदान निघत नाही, आणि जनुकचाचणीने तिची गरज आता कमी केली आहे. आकडा कमाल मर्यादेच्या तिप्पट राहिला, वय पंचविशीच्या आत असले, ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीत, दोष दिसला किंवा मेहनतीने स्नायू लवकर दुखू लागले, तर बायोप्सी विचारात घ्यावी. कारण सापडले नाही तरी शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना हा आकडा सांगावाच, कारण अशा काहींना भुलेच्या ठरावीक औषधांनी जिवावर बेतणारा ताप येऊ शकतो. आणि उन्हात राबल्यावर स्नायू असह्य दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर काही दिवस थांबण्याचा सल्ला लागू नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण तिथे मूत्रपिंड धोक्यात असते.