टोचायचं ते रात्रीच

हत्तीरोगाचं पथक गावात अंधार पडल्यावर येतं. नागपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या एका गावात मी त्यांच्यामागे निघालो, तेव्हा जेवणं आटोपून माणसं अंगणात बसली होती. संपादकांना सुजलेल्या पायांवर लेख हवा होता. माझं लक्ष मात्र रक्त तपासायच्या काचपट्टीवर खिळलं.

हत्तीरोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्लं दिवसा मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावतात त्या वेळी, कातडीखालच्या रक्तात येतात. टिमोथी लुईस यांनी १८७२ साली कलकत्त्यात ती माणसाच्या रक्तात पाहिली. देशाचा हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५चा. इतका जुना शत्रू, तरी त्याची पिल्लं पट्टीवर गाठायची तर अजून रात्रीच बोट टोचावं लागतं.

"कायले टोचता भाऊ? मले त काईच झालं नाई."

"म्हणूनच टोचतो, काकाजी," तंत्रज्ञ म्हणाला.

पिल्लं रक्तात खेळवणारा माणूस बहुधा ठणठणीत दिसतो, आणि डास त्याच्याकडूनच रोग पुढे नेतो. तंत्रज्ञाने रक्त पट्टीवर जाडसर पसरलं, क्रमांक टाकला, वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी पट्टी पाण्यात धरून लाली घालवली, रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जांभळट पिल्लू दाखवलं. शरीरभर कण, शेपटीचं टोक रिकामं. 'वुचेरेरिया बँक्रॉफ्टी' ही कृमीची जात ओळखायची ती या रिकाम्या टोकावरून. दिवसभर डोळा न हलवता हे शोधणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

२०१९पासून नागपुरात हत्तीरोगावरच्या डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन आलं. आशाताईंनी त्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या असतात. अडचण इथेच आहे. रक्तात पिल्लं असतील तर ती मरताना ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं. औषध लागू पडल्याची ती खूण, पण गावात बोभाटा होतो तो "गोळीनं आजारी पडला" असाच. मग पुढची दारं बंद होतात आणि ज्याने गोळी घ्यायलाच हवी तोच शेतावर निघून जातो.

२०२७पर्यंत उच्चाटनाचं उद्दिष्ट आहे. पण सुजलेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तो रोज साबणाने धुवायचा, बेचक्या कोरड्या करायच्या, चिरांना मलम लावायचं. नाहीतर ताप आणि सुजेचे झटके पुन्हापुन्हा येतात. एका बाईंना हे सगळं पाठ होतं. टब होता, मलमही होतं. "रोवण्याच्या दिवसात पाय कोरडा कसा ठेवू?" त्यांनी विचारलं. दिवसभर बांधीतल्या चिखलात उभं राहिल्याशिवाय त्यांना मजुरी मिळत नाही.