नाट्टुकोट्टै चेट्टियार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तमिळनाडूच्या शिवगंगा आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांत पसरलेला चेट्टिनाड हा नाट्टुकोट्टै चेट्टियारांचा मुलूख. स्वतःला हे लोक नगरत्तार म्हणवतात. एकोणिसाव्या शतकात सिलोन, ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर आणि पुढे सायगावपर्यंत त्यांच्या पेढ्या पोहोचल्या. या समाजाविषयी काही चुकीच्या समजुती रुजल्या आहेत.

गैरसमज : सगळे चेट्टियार एकच आणि सगळे सावकार.
वस्तुस्थिती : ‘चेट्टियार’ ही उपाधी विणकरांपासून तेल्यांपर्यंत अनेक समाज लावतात. नगरत्तार हा त्यांतला एक समाज असून त्याची कुळे नऊ मंदिरांवरून ओळखली जातात. गणपतीच्या लेण्यासाठी प्रसिद्ध असलेले पिळ्ळैयारपट्टी हे त्यांपैकी एक. सावकारीत उतरण्यापूर्वी हा समाज मिठाच्या व्यापारात होता.

गैरसमज : चेट्टियार सावकार एकटा, मनमानी कारभार करी.
वस्तुस्थिती : परदेशातील पेढी बहुधा मुनीम चालवी. त्याची नेमणूक साधारण तीन वर्षांची असे आणि तो मालकाला नियमित हिशेब पाठवी. पेढ्या एकमेकींना पैसा पुरवत आणि हुंडीने रक्कम दूरदेशी पोहोचवत. रंगूनमध्ये पेढीवाले दर महिन्याला मंदिरात जमत आणि आपसातील व्याजाचा चालू दर ठरवत. परमुलखात देऊळ हेच त्यांच्या पतव्यवहाराचे ठाणे होते.

गैरसमज : जबर व्याज लावून जमिनी बळकावणे हाच त्यांचा धंदा होता.
वस्तुस्थिती : ब्रह्मदेशात त्यांचे दर स्थानिक सावकारांपेक्षा सामान्यतः कमी असल्याचे 1929-30 च्या बँकिंग चौकशी समितीला आढळले. इरावतीच्या खोऱ्यातील भातशेतीला त्यांचेच भांडवल मिळे. मग जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले आणि कर्जे थकली. दक्षिण ब्रह्मदेशाच्या प्रमुख भातजिल्ह्यांत त्यांच्या ताब्यातील जमीन 1930 मध्ये सुमारे 6 टक्के होती, ती 1937 पर्यंत जवळपास 25 टक्क्यांवर गेली. शेतकऱ्याचे शेत गेले, ही हानी खरीच आणि मोठी होती. पण पेढ्यांना हवा होता तो रोख पैसा, आणि तोच जमिनीत अडकला. 1942 चे जपानी आक्रमण आणि 1948 चा जमीन राष्ट्रीयीकरणाचा कायदा यांनंतर त्यातला फार थोडा परत मिळाला.

गैरसमज : कमावलेला पैसा फक्त वाड्यांत गेला.
वस्तुस्थिती : ब्रह्मदेशी सागाचे खांब आणि आत्तंगुडीच्या रंगीत फरशा असलेले वाडे डोळ्यांत भरतात, हे खरे. मात्र त्याच पैशातून संस्थाही उभ्या राहिल्या. राजा सर अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने 1929 मध्ये चिदंबरमजवळ अण्णामलै विद्यापीठ स्थापन झाले. एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी 1937 मध्ये इंडियन ओव्हरसीज बँक सुरू केली. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या 300 एकर जमिनीवर आणि 15 लाख रुपयांच्या देणगीच्या आधारे कारैकुडीत केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था उभी राहिली. 1953 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत आजही संशोधन चालते.