ग्लोबल म्हणजे आपल्या फाइलपुरतं

सीमधून पायथनकडे आलेल्यांना हमखास चकवणारा एक नियम आज बघू. पायथनमध्ये ग्लोबल नाव अख्ख्या प्रोग्रॅमचं नसतं. ते एका फाइलपुरतं, म्हणजे एका मॉड्यूलपुरतं असतं.

आपल्या जबलपूरचंच उदाहरण घेऊ. बरगी धरणाची पूर्ण जलाशय पातळी 422.76 मीटर. सरावासाठी तीन फाइली करू: माप, नोंद आणि इशारा. (ही देवनागरी नावं पायथन 3 खरंच चालवतो, कीवर्ड मात्र इंग्रजीच.) मीटरचे फूट करणारं 'फुटात' हे फंक्शन 'माप'मध्ये लिहिलं. 422.76 दिले की साधारण 1387 मिळतात. आता 'इशारा'मध्ये नुसतं 'फुटात' म्हणून बोलावलं तर? नेमएरर. मुख्य फाइलीत 'माप' इम्पोर्ट केलेलं असलं तरीसुद्धा. शेजाऱ्यांकडे नळ आला म्हणून आपल्याकडे पाणी येत नाही, तसंच. आणि हा एरर ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हाच येतो.

कारण फंक्शन आपली ग्लोबल नावं ते जिथे लिहिलंय त्या फाइलीत शोधतं, जिथून बोलावलंय तिथे नाही. तिथे नाही सापडलं तर बिल्टइन्समध्ये बघतं, बस्स.

म्हणून 'इशारा'च्या सुरुवातीलाही 'इम्पोर्ट माप' लिहा आणि 'माप डॉट फुटात' म्हणा. तीन ठिकाणी इम्पोर्ट केलं तर फाइल तीनदा चालेल, ही भीती नको. ती एकदाच चालते. तयार मॉड्यूल सिस डॉट मॉड्यूल्समध्ये राहतं आणि सगळ्यांना तेच मिळतं.

खरी मेख पुढे आहे. 'माप'मध्ये 'धोका' नावाचं फंक्शन आहे. 'नोंद' त्याला 'माप डॉट धोका' म्हणते. 'इशारा'ने मात्र सुरुवातीलाच 'फ्रॉम माप इम्पोर्ट धोका' केलं. पावसाळा लागला, म्हणून मुख्य फाइलीने 'माप डॉट धोका'च्या जागी कडक नियमाचं नवं फंक्शन ठेवलं. 'नोंद'ला नवं मिळालं. 'इशारा'कडचं नाव अजून जुन्याच फंक्शनला बांधलेलं! पाणी तेच, पण वहीत धोका लिहिला जातोय आणि भोंगा गप्प. एरर कुठलाच नाही. नेमएरर परवडला, निदान ओरडतो तरी.

मग फंक्शन थेट बिल्टइन्समध्येच टाकलं तर? चालतं. पायथनसोबत येणारं गेटटेक्स्ट आपल्या इन्स्टॉल फंक्शनने भाषांतराचं अंडरस्कोर नाव तसंच सगळीकडे पोचवतं. एका अक्षराच्या, जागोजागी लागणाऱ्या नावाला ते शोभतं. तुमच्या 'धोका'ला नाही. सहा महिन्यांनी ते आलं कुठून, हे फाइल वाचून कळणार नाही.

आणि 'माप'ला 'इशारा' हवं, 'इशारा'ला 'माप' हवं, अशी फुगडी सुरू झाली तर अर्धवट तयार झालेलं मॉड्यूल हाती येतं. तेव्हा दोघांना लागणारं फंक्शन चौथ्या फाइलीत हलवा.