युद्धाचे माहितीपट पारखताना

१९१६ च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या ब्रिटिश मूकपटात सैनिक खंदकातून वर चढतात, गोळी लागून काही जण कोसळतात. पहिल्या महायुद्धावरच्या कितीतरी माहितीपटांनी हा तुकडा खरी चढाई म्हणून खपवला आहे. प्रत्यक्षात तो आघाडीच्या मागे, सुरक्षित जागी घडवून आणलेला होता. जरा निरखून पाहिलं तर शंका येतेच: सैनिकांच्या पाठीवर सामान नाही आणि कॅमेरावाला अशा जागी उभा, की खऱ्या लढाईत तो आधी गेला असता! तेव्हा कॅमेरा कुठे आहे, हे आधी पाहावं. तोफांच्या गडगडाटाने भारावून जाऊ नये. लढाईचं बहुतेक जुनं चित्रीकरण मूकच, आवाज मागाहून चढवलेला.

दुसरी कसोटी साक्षीदारांची. थेम्स टेलिव्हिजनची ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ (१९७३-७४) ही दुसऱ्या महायुद्धावरची २६ भागांची मालिका माझ्या मते आजही अव्वल. निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं, पण तेही बेताचं. बोलतात ते युद्ध भोगलेले लोक. त्यांत हिटलरचा मंत्री आल्बर्ट श्पेअरही आहे, सभ्य आणि पटेल असं बोलणारा. ज्यूंच्या संहाराबद्दल आपण अंधारात होतो, असं तो जन्मभर सांगत राहिला. २००७ मध्ये उजेडात आलेल्या त्याच्याच पत्राने ते खोटं पाडलं.

निर्मितीचं सालही बघावं. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राने सांकेतिक केलेले संदेश फोडल्याची हकिकत जगजाहीर झाली १९७४ मध्ये. त्यामुळे ‘द वर्ल्ड ॲट वॉर’मधल्या अटलांटिकच्या लढाईवरच्या भागात ती नाही.