माग हवा, धूर नको! निजामपुऱ्यापुढचा पेच काय? समजून घ्या

भिवंडी : निजामपूर हे नाव थेट महापालिकेच्या पाटीवर आहे, ‘भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका’. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजार ६६५ होती.

ओळख कशाची?
यंत्रमागाची. खडखडाट थांबला की मजुरी थांबते.

अडचण काय?
मागाचा आवाज कानाला, सुताची धूळ फुप्फुसाला घातक. सायझिंगच्या बॉयलरचा धूर आणि डाइंगचे सांडपाणी वेगळेच.

माग शहराबाहेर हलवले तर?
हवा सुधारेल, पण पायी कामाला जाणाऱ्याचा रोजचा प्रवासखर्च वाढेल. रिकाम्या जागी गोदामे आली, तर ट्रकही येतील.

मग मार्ग?
सांडपाण्यावर प्रक्रिया, स्वच्छ इंधन, कमी आवाजाचे रॅपियर माग. मात्र छोट्या मालकाला हे स्वस्त कर्जाशिवाय झेपणारे नाही. माग गेले, तर निजामपूर फक्त पाटीवर उरेल.